मधल्या धुळीचा हिशेब



आकाशावरच्या व्याख्यानाला येणारा श्रोता तारे, ग्रह, कृष्णविवरं यांच्याविषयी काही ऐकायला मिळेल या अपेक्षेने येतो. मी आज ताऱ्यांच्या मधल्या जागेबद्दल बोलणार आहे. तिथे धूळ आहे. ती किती आहे, कुठे आहे आणि आपल्यापासून किती अंतरावर आहे, याचा नकाशा गेल्या दहा-पंधरा वर्षांत तयार होऊ लागला. तो दुर्बिणींनी जितका काढला तितकाच संख्याशास्त्राने काढला. ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते गणिताचे शिक्षक होते, म्हणून या दुसऱ्या भागावर मी जरा जास्त रेंगाळणार आहे.

आधी ही धूळ म्हणजे काय ते सांगतो. घरातल्या धुळीशी तिचं नातं नावापुरतं आहे. तिचे कण सिलिकेटचे आणि कार्बनी पदार्थांचे असतात. त्यांचा आकार मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास, म्हणजे सिगारेटच्या धुरातल्या कणांच्या जवळपास. म्हाताऱ्या, फुगलेल्या ताऱ्यांच्या थंड वातावरणात यांतले बरेच कण तयार होतात आणि बाहेर फेकले जातात. ताऱ्यांच्या मधल्या सगळ्या द्रव्यात धुळीचा वाटा वजनाने जेमतेम एक टक्का आहे, बाकी सगळा वायू. ढोबळमानाने, शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद आणि तितक्याच उंच जागेत एखाद-दुसरा कण सापडेल. प्रयोगशाळेत इतकी स्वच्छ पोकळी करणं आपल्याला साधत नाही. पण प्रकाशाला हजारो वर्षं प्रवास करायचा असतो आणि त्या वाटेवर हे विरळ कण साचत जातात. आकाशगंगेचं केंद्र आपल्यापासून सुमारे सव्वीस हजार प्रकाशवर्षांवर आहे. तिथून आपल्या दिशेने निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या सुमारे लाख कोटी कणांपैकी एक आपल्यापर्यंत पोचतो. तिथल्या ताऱ्यांच्या कक्षा मोजून कृष्णविवराचा पुरावा देणाऱ्या राइनहार्ड गेन्झेल आणि आंद्रेया गेझ यांना 2020 साली नोबेल मिळालं. त्यांनी ते काम अवरक्त प्रकाशात केलं, कारण दृश्य प्रकाशात तिथलं काही दिसण्याची शक्यताच नव्हती.

या धुळीने खगोलशास्त्रज्ञांना फार काळ फसवलं. विल्यम हर्शेलने 1785 साली आकाशाच्या वेगवेगळ्या दिशांना दुर्बिणीत दिसणारे तारे मोजले आणि त्या मोजणीवरून आकाशगंगेचा आकार रेखाटला. सूर्य जवळजवळ मधोमध आला. वृश्चिक राशीत एका ठिकाणी तारेच दिसेनात, तेव्हा आकाशाला तिथे भोकच पडलं आहे, असा उद्गार त्याने काढल्याची आठवण त्याची बहीण कॅरोलाइन हिने नोंदवली आहे. विल्हेल्म स्ट्रुव्हेने 1847 साली आकड्यांच्या आधारे सुचवलं, की वाटेत प्रकाश कुठेतरी गळत असावा. त्याचा अंदाज आजच्या आकड्याच्या बराच जवळ होता, पण तो कुणी फारसा मनावर घेतला नाही. एडवर्ड बर्नार्डने 1919 साली छायाचित्रांवरून 182 काळ्या डागांची यादी छापली. हे डाग म्हणजे भोकं की आड आलेले ढग, यावर तो स्वतःही बरीच वर्षं चाचपडत होता.

कापटाइन या डच शास्त्रज्ञाने आयुष्यभर ताऱ्यांची मोजणी केली. 1922 साली त्याने आकाशगंगेचं जे प्रारूप मांडलं त्यातही सूर्य जवळपास केंद्रातच होता. कापटाइन काटेकोर माणूस होता. त्याच्या मोजणीत खोट नव्हती, खोट गृहीतकात होती. मधली जागा रिकामी आहे असं धरलं, की धुळीमुळे मंद झालेला तारा दूरचा वाटतो, त्याच्या पलीकडचे तारे दिसेनासे होतात आणि सगळ्या दिशांना ताऱ्यांची वस्ती सारख्याच अंतरावर विरळ होत जाते. मग आपण मध्यभागी आहोत असं वाटणारच. आंबोलीच्या घाटात दाट धुक्यात उभा राहणारा प्रत्येक जण आपल्या धुक्याच्या वर्तुळाच्या मध्यावरच असतो. हार्लो शॅपलीने गोलाकार तारकागुच्छांच्या आधारे सूर्याला केंद्रापासून दूर नेलं, ते बरोबरच होतं. पण धूळ त्यानेही हिशेबात धरली नाही. इतर काही कारणांसोबत त्यामुळेही त्याची आकाशगंगा तीन लाख प्रकाशवर्षांची झाली, आजच्या अंदाजाच्या जवळपास तिप्पट.

कोडं सुटलं ते 1930 साली, कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत. रॉबर्ट ट्रम्प्लर हा मूळचा स्वित्झर्लंडचा. त्याने शंभर खुल्या तारकागुच्छांची अंतरं ताऱ्यांच्या तेजावरून काढली. मग त्या अंतरांवरून गुच्छांचे खरे व्यास काढले. उत्तर चमत्कारिक आलं. एकाच प्रकारचे गुच्छ जितके दूर तितके मोठे निघू लागले. म्हणजे विश्वातले तारकागुच्छ पृथ्वीकडे बघून आपला आकार ठरवतात की काय? तसं घडणं अशक्य, तेव्हा अंतरंच चुकलेली असणार. तारे मंद दिसत होते, ते दूर असल्यामुळे तितके नव्हे, जितके वाटेत प्रकाश गळल्यामुळे. ट्रम्प्लरने ही गळती दर हजार पार्सेकला सुमारे 0.7 प्रत अशी काढली. सव्वातीन हजार प्रकाशवर्षांच्या प्रवासात प्रकाश जवळजवळ निम्मा होतो, असा त्याचा अर्थ. या शोधासाठी त्याला एकही धूलिकण पाहावा लागला नाही. शंभर गुच्छांच्या सरासरीत एक कल दिसला, आणि तो कल निसर्गाचा असू शकत नाही एवढं त्याने ओळखलं. पुढे 1953 साली हॅरल्ड वीव्हरबरोबर त्याने सांख्यिकीय खगोलशास्त्रावर पाठ्यपुस्तक लिहिलं, यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचं नाव आपण श्वेतबटू ताऱ्यांसाठी घेतो. 1950 ते 1952 या काळात त्यांनी आणि गिडो म्युंच यांनी आकाशगंगेच्या पट्ट्याच्या उजेडातल्या चढउतारांवर शोधनिबंधांची एक मालिका लिहिली. आर्मेनियाच्या अंबार्त्सुमियान यांनी मांडलेला प्रश्न त्यांनी पुढे नेला. धूळ सुट्या ढगांमध्ये विखुरली असेल, तर शेजारशेजारच्या दिशांना उजेड किती कमीजास्त दिसावा? आणि उलट, तो कमीजास्तपणा मोजला तर ढगांबद्दल काय सांगता येईल? एकेका ढगाचा पत्ता त्यात मिळत नव्हता, सगळ्या ढगांचा मिळून स्वभाव मिळत होता. चंद्रशेखरांवरच्या लेखांत हे काम क्वचितच येतं. ते यायला हवं.

पत्ता मिळायला मात्र बराच वेळ लागला. पहिला मोठा नकाशा 1998 साली आला. डेव्हिड श्लेगल, डग्लस फिंकबायनर आणि मार्क डेव्हिस यांनी आयरास आणि कोबे या उपग्रहांची निरीक्षणं एकत्र केली. ताऱ्यांच्या उजेडाने धूळ किंचित तापते आणि अवरक्त किरणांत मंद प्रकाशते. तो प्रकाश मोजून त्यांनी आकाशाच्या प्रत्येक दिशेला एकूण किती धूळ आहे ते सांगितलं. दीर्घिकांवर काम करणाऱ्यांना हा नकाशा फारच उपयोगी पडला. पुढे 2011 साली श्लाफ्ली आणि फिंकबायनर यांनी ताऱ्यांच्या रंगांशी पडताळून दाखवलं, की त्यातले आकडे सुमारे 14 टक्क्यांनी जास्त आहेत. पण त्याची खरी मर्यादा निराळी होती. तो सपाट होता. या दिशेला एवढी धूळ, इतकंच तो सांगे. ती शंभर प्रकाशवर्षांवर आहे की दहा हजार, हे त्यात नव्हतं. ज्याला आकाशगंगेतल्याच ताऱ्याचा अभ्यास करायचा आहे, त्याला हे कळायलाच हवं, कारण पलीकडच्या धुळीने त्याच्या ताऱ्याचं काही बिघडत नाही.

आता संख्याशास्त्राकडे येतो.

धूळ निळा प्रकाश जास्त अडवते, तांबडा कमी. त्यामुळे धुळीआडचा तारा मंद होतो आणि तांबूसही होतो. हा तांबूसपणा मोजला की धूळ कळली, असं वाटेल. पण मुळातच तांबडे असलेले थंड तारे आकाशात खंडोगणती आहेत. समजा, दुर्बिणीत एक मंद, तांबडा ठिपका दिसला. तो जवळचा छोटा थंड तारा असेल, किंवा दूरचा तापलेला तारा धुळीच्या पडद्याआड असेल. एकाच रंगात मोजलं तर या दोघांत फरक करता येत नाही. हवाईतल्या हालेआकाला पर्वतावरची पॅन-स्टार्स दुर्बीण पाच रंगपट्ट्यांत मोजते आणि टूमास या सर्वेक्षणाने अवरक्तातले आणखी तीन पट्टे मोजले आहेत. आठ आकडे मिळाले की बऱ्याच शक्यता गळतात, तरी सगळ्या गळत नाहीत.

इथे जुन्या पद्धतीचा माणूस सगळ्यांत चांगलं जुळणारं उत्तर निवडून पुढे गेला असता. नव्या पद्धतीत ते करायचं नाही. थॉमस बेझ या इंग्लिश पाद्र्याचा निबंध त्याच्या मृत्यूनंतर 1763 साली प्रसिद्ध झाला, तिथून ही वाट सुरू होते. या ताऱ्याबद्दल पुरावा बघण्याआधी आपल्याला काय माहीत आहे ते आधी लिहायचं: आकाशगंगेत कुठल्या जातीचे तारे किती, कुठल्या भागात किती. मग प्रत्येक शक्यतेला पुरावा कितपत पटतो ते बघायचं आणि दोन्हींचा गुणाकार करायचा. उत्तर म्हणून एक आकडा मिळत नाही, शक्यतांचा एक पसारा मिळतो. हा तारा दोन हजार प्रकाशवर्षांवर आणि थोड्या धुळीआड असण्याची शक्यता इतकी, सहा हजारांवर आणि बऱ्याच धुळीआड असण्याची तितकी. एकेका ताऱ्याचा हा पसारा जवळजवळ निरुपयोगी असतो.

पण आकाशाच्या एका चिमुकल्या चौकोनात असे शेकडो तारे असतात आणि त्या सगळ्यांच्या वाटेत एकच धूळ असते. शिवाय धूळ अंतराबरोबर वाढतच जाते. दूरच्या ताऱ्यापुढची धूळ जवळच्या ताऱ्यापुढच्या धुळीपेक्षा कमी असू शकत नाही. या दोन साध्या अटी सगळ्या ताऱ्यांवर एकदम लावल्या की ते एकमेकांना आवर घालू लागतात. ढगाच्या अलीकडचे तारे स्वच्छ, पलीकडचे तांबूस. ती उडी जिथे पडते ते ढगाचं अंतर. ग्रेगरी ग्रीन, श्लाफ्ली, फिंकबायनर आणि सहकाऱ्यांनी 2015 साली सुमारे 80 कोटी ताऱ्यांवर ही रीत चालवली आणि आकाशाच्या तीन चतुर्थांश भागाचा त्रिमितीय नकाशा प्रसिद्ध केला. एकेक साक्षीदार अर्धवट आंधळा असताना ऐंशी कोटी जणांच्या साक्षीतून खटला उभा राहिला.

युरोपच्या गाया उपग्रहाने मग खेळच बदलला. 19 डिसेंबर 2013 रोजी तो उडाला. पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा मागच्या ताऱ्यांच्या तुलनेत किंचित सरकलेला दिसतो. याला पराशय म्हणतात, आणि त्यावरून अंतर थेट काढता येतं. गायाने जवळपास दीडशे कोटी ताऱ्यांचे पराशय मोजले. दूरच्या ताऱ्याचा पराशय इतका सूक्ष्म असतो, की मोजमापातली चूक त्याहून मोठी ठरते. त्यामुळे कोट्यवधी ताऱ्यांचे पराशय चक्क ऋण येतात. ऋण पराशयाला भौतिक अर्थ काहीच नाही, म्हणून नवखा अभ्यासक असे तारे यादीतून काढून टाकतो. तिथेच त्याचा हिशेब चुकतो. ज्यांच्यात चूक खालच्या बाजूला झाली ते सगळे वगळले आणि वरच्या बाजूला झाली ते सगळे ठेवले, तर उरलेले तारे सरासरीने आहेत त्यापेक्षा जवळचे दिसू लागतात. ऋण आकडाही माहिती देतो: हा तारा फार दूर आहे. विद्यार्थ्यांना चुकांचं संख्याशास्त्र शिकवताना मला याहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही.

गायाने 22 कोटी ताऱ्यांचे वर्णपटही दिले. तेव्हा प्रश्न बदलला. दिशांचे चौकोन सुटे सुटे सोडवले, तर शेजारच्या चौकोनांतली धूळ एकमेकांशी जुळत नाही. अंतरात चूक जास्त आणि दिशेत जवळजवळ शून्य, म्हणून ढग आपल्या दिशेने ताणले जातात. नकाशात सूर्याकडे रोखलेल्या लांब बोटांसारख्या आकृत्या दिसतात. अशी आकृती दिसली की समजावं, हे निसर्गाचं काम नाही, आपलं आहे. पृथ्वी केंद्रात ठेवण्याची जुनी खोड अशी नव्या वेशात परत येते. उपाय असा, की अवकाशातल्या दोन जवळच्या बिंदूंवरची धूळ साधारण सारखी असेल हेही गणितात घालायचं. किती जवळ म्हणजे किती सारखी, हे सुद्धा विद्याकडूनच, म्हणजे मोजलेल्या आकड्यांकडूनच, शिकायचं. या गणिताची एक शाखा दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींतून आली. डॅनी क्रीग हा खाण अभियंता 1950च्या सुमारास मोजक्या ठिकाणच्या नमुन्यांवरून मधल्या खडकात सोनं किती असेल याचा अंदाज बांधत होता. त्याची रीत आज त्याच्याच नावाने ओळखली जाते.

जर्मनीत गार्चिंगला टॉर्स्टन एन्सलिन यांच्या गटाने ही कल्पना धुळीवर बरीच पुढे नेली. गॉर्डियन एडनहोफर आणि सहकाऱ्यांनी 2024 साली सूर्याभोवतीच्या सुमारे चार हजार प्रकाशवर्षांचा नकाशा 5 कोटी 40 लाख ताऱ्यांवरून काढला. त्यातले बारकावे काही प्रकाशवर्षांपर्यंत जातात. मला त्यातली सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे त्यांनी एकच नकाशा दिला नाही. सरासरी नकाशा दिलाच, शिवाय विद्याशी सुसंगत असे बारा वेगवेगळे नकाशे दिले. एखादा ढग बाराही नकाशांत जागच्या जागी असेल तर त्यावर विश्वास ठेवा. एकात आहे आणि दुसऱ्यात विरघळला, तर त्यावर सिद्धांत उभारू नका. आपण किती जाणतो हे नकाशाच सांगतो, वेगळ्या तळटीपेची गरज राहत नाही. आपल्याकडे पावसाचे, भूजलाचे, पिकांचे जे नकाशे छापले जातात, त्यांत एखादा तरी असा बारा प्रतींत छापलेला मला पाहायचा आहे.

या नकाशांनी काय दाखवलं? मृग, वृषभ, ययाती, वृषपर्वा, हंस या आपल्या ओळखीच्या तारकासमूहांच्या दिशांना तारे जन्माला घालणारे ढग आहेत. सुमारे दीडशे वर्षं त्यांतले जवळचे ढग सूर्याभोवतीच्या एका कलत्या कड्याचा भाग मानले जात. अंतरं नेमकी कळल्यावर 2020 साली दिसलं, की हे ढग मिळून एक लांबलचक लाट आहे. तिची लांबी सुमारे नऊ हजार प्रकाशवर्षं, आणि ती आकाशगंगेच्या चकतीच्या पाचशे प्रकाशवर्षं वर जाते आणि तितकीच खाली. रॅडक्लिफ लाट असं तिचं नाव पडलं. आपण तिच्या इतक्या जवळ असून ती कुणाला दिसली नव्हती, कारण अंतराशिवाय आकाश हा नुसता पडदा आहे. पाठोपाठ 2022 साली कॅथरीन झुकर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की सूर्य सुमारे हजार प्रकाशवर्षं रुंद अशा एका पोकळ बुडबुड्यात आहे आणि आसपासचे ताऱ्यांचे पाळणे त्या बुडबुड्याच्या कवचावर आहेत. साधारण 1 कोटी 40 लाख वर्षांपूर्वी सुरू झालेल्या ताऱ्यांच्या स्फोटांनी तो फुगवला.

धूळ विसरली तर काय होतं याचं अलीकडचं उदाहरण 17 मार्च 2014 चं आहे. दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-2 दुर्बिणीच्या गटाने पत्रकार परिषद घेऊन सांगितलं, की विश्वाच्या जन्मक्षणीच्या गुरुत्वीय लहरींचा ठसा त्यांना विश्वाच्या बाल्यापासून उरलेल्या सूक्ष्मतरंग प्रारणाच्या ध्रुवणात, म्हणजे लहरींच्या कंपनाच्या दिशेत, सापडला आहे. नोबेलची भाषा सुरू झाली. पण आकाशगंगेतली धूळही चुंबकीय क्षेत्रात रांगेत लागते आणि तशाच ध्रुवणाचे किरण सोडते. बायसेप-2 एकाच कंप्रतेवर मोजत होती, त्यामुळे धुळीचा वाटा किती हे तिच्या विद्यातून कळणं अवघड होतं. सप्टेंबरात प्लँक उपग्रहाच्या गटाने दाखवलं, की बायसेप-2 ने स्वच्छ समजून निवडलेल्या आकाशाच्या पट्ट्यातली धूळ तो संकेत द्यायला पुरेशी आहे. 2015च्या सुरुवातीला दोन्ही गटांनी एकत्र हिशेब केला आणि दावा मागे पडला. मला त्या शास्त्रज्ञांची टिंगल करायची नाही. त्यांचं मोजमाप उत्तम होतं, कापटाइनचंही होतं. दोघांनाही मधल्या जागेने दगा दिला.

इथे पुण्याचा संबंध येतो. ताऱ्याचा प्रकाश धुळीतून येताना किंचित ध्रुवित होतो, हे 1949 पासून माहीत आहे. ताऱ्याचं अंतर गायाकडून घ्यायचं, ध्रुवण दुर्बिणीने मोजायचं, की धुळीतलं चुंबकीय क्षेत्रही थरांथरांनी उलगडता येतं. पुढच्या बायसेपला नेमकं हेच हवं आहे. क्रीट बेटावरच्या स्कीनाकास वेधशाळेतला रोबोपोल हा ध्रुवणमापक पुण्याच्या आयुका संस्थेत घडला. क्रीट आणि दक्षिण आफ्रिकेतून अशाच सर्वेक्षणासाठी लागणारे वॉलोप ध्रुवणमापक घडवण्याचं कामही तिथेच हाती घेतलं गेलं. आयुकाचे संस्थापक जयंत नारळीकर यांना तर धुळीत वेगळाच रस होता. दूरचे अतिनवतारे अपेक्षेपेक्षा मंद दिसतात, त्याचं कारण विश्वाचं त्वरणशील प्रसरण नसून धातूच्या सुईसारखे धूलिकण असू शकतात, असं ते मांडत. बहुतेक शास्त्रज्ञांना ते पटलं नाही, मलाही पटत नाही. पण मंद दिसणाऱ्या वस्तूबद्दल त्यांनी आधी विचारलेला प्रश्न, मध्ये काय आहे, हा ट्रम्प्लरचाच प्रश्न होता, आणि तो विचारायलाच हवा होता.

अजून बरंच काम बाकी आहे. सगळ्यांत दाट ढगांच्या पलीकडचे तारे दिसतच नाहीत, म्हणून तिथे नकाशा धूळ कमी दाखवण्याची शक्यता राहते. न दिसलेल्या ताऱ्यांनाही हिशेबात धरावं लागतं आणि ते गणित कठीण आहे. सगळीकडची धूळ सारखीही नाही. शियांग्यू झांग आणि ग्रीन यांनी 2025 साली 13 कोटी ताऱ्यांवरून दाखवलं, की निळा आणि तांबडा प्रकाश अडवण्याचं तिचं प्रमाण जागोजागी बदलतं. आकाशगंगेच्या केंद्रापलीकडची बाजू तर अजून जवळजवळ कोरीच आहे.

समोर महाविद्यालयातली मुलं बसली आहेत, म्हणून शेवटचं बोलणं त्यांच्याशी. गायाने 15 जानेवारी 2025 रोजी निरीक्षणं थांबवली. त्याचा आजवर प्रसिद्ध झालेला सगळा विदा कुणालाही फुकट उतरवून घेता येतो, आणि मी सांगितलेले त्रिमितीय नकाशेही तसेच खुले आहेत. जाहीर वेळापत्रकाप्रमाणे पुढचा विदासंच डिसेंबर 2026 मध्ये यायचा आहे. या विद्यावर काम करायला दुर्बीण लागत नाही. एक बरा संगणक, थोडं पायथन आणि संभाव्यतेचं पक्कं गणित लागतं. संख्याशास्त्राच्या विभागांनी यातले प्रश्न प्रकल्प म्हणून द्यावेत आणि भौतिकशास्त्राच्या मुलांनी त्या विभागात जाऊन बसावं, अशी माझी दोन्ही विभागांच्या प्राध्यापकांना विनंती आहे.